राती काय खाल्लंस?

अश्लेषाने ब्रँडीचा घोट तोंडात घेतला, दोन्ही गालांत घोळवला आणि चिंचेच्या बुंध्याशी थुंकला. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही न थांबता तिने यंत्राची नळी ओठांत धरली आणि फुंकलं. यंत्र टुक् वाजलं, हिरवा दिवा लागला, काचेवर शून्य आलं.

रांगेतल्या ड्रायव्हरांपैकी कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग सगळेच हसले.

"म्याडमनी घेतली काय आन् न घेतली काय, मशीनला सारखंच," मागून आवाज आला.

अश्लेषाने पुन्हा घोट घेतला, पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य. सांगलीच्या गावभागातल्या विष्णुपंतांची ही लेक. घरात कांदासुद्धा चातुर्मास संपल्याशिवाय येत नाही. आणि ती वडूजच्या एका शाळेच्या मैदानात, सकाळच्या थंडीत, परक्या पुरुषांसमोर ब्रँडीच्या चुळा भरत होती. बरं, एवढं करून यंत्राने निदान तिला दारुडी तरी म्हणायचं. तेही नाही.

यंत्र तिचं स्वतःचं होतं. हातात मावणारी डबी, पुढे फुंकायची नळी आणि पोटात रुपयाएवढी एक चकती, तोच यंत्राचा सेल. चकतीच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा काळपट थर, मध्ये आम्ल मुरवलेलं. श्वासातला मद्यार्क त्या प्लॅटिनमवर पोचला की त्याचं ऑक्सिडीकरण होतं, वीज वाहते, आणि जितकी जास्त प्यालेली तितकी जास्त वीज. बाहेरून येणारी यंत्रं शाळांना परवडत नाहीत म्हणून तिने हे सांगलीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या हाताने बनवलं होतं. ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली होती. लग्नाचं विचारणारे नातेवाईक आता विचारायचे थांबले होते, आणि वडील जेवताना एकच प्रश्न विचारत, "तुझं ते फुंकायचं कुठवर आलं?" ही शाळा तिचं पहिलं गिऱ्हाईक होती. इथे चाललं तर पुढे चाललं, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं, हे तिला ठाऊक होतं.

"मॅडम, ही दुसरी वेळ," विश्वजित म्हणाला. विश्वजित संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. शाळेच्या बसगाड्यांचं सगळं तोच बघायचा. ड्रायव्हरने फुंकलं की आकडा थेट त्याच्या मोबाईलवर जायचा, तशी सोयच अश्लेषाने करून दिली होती. फक्त ती स्वतः चाचणी घ्यायची तेव्हा पाठीमागचं एक छोटं बटण दाबून धरायची. मग आकडा कुठेच जात नसे. बटण विसरली असती तर संस्थेच्या दप्तरी तिचीच नोंद झाली असती.

"सेल पुन्हा मेलाय," ती म्हणाली. "बदलून आणते."

"सोमवारी संस्थेची मीटिंग आहे. तोवर चाललं तर ठेवू. नाहीतर घेऊन जा, राग मानू नका." विश्वजितने मोबाईल खिशात टाकला. "आणि खरं सांगू का? आम्हाला याची गरजच नाही. त्या पालकांच्या समाधानासाठी घेतलंय. आमची ड्रायव्हर पोरं सुधारलीत आता. पूर्वी महिन्यातनं एकदा तरी कुणाला ना कुणाला ताप यायचा. दादासोंचा सकाळीच फोन, अमक्याला ताप आलाय, त्याची गाडी मी नेतो. करोनानंतर एकालाही ताप नाही. विचारा की त्यांना."

दादासो यंत्राची काच रुमालाने पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय," ते म्हणाले.

दादासो या गाड्यांचे मुकादम. म्हसवडकडचे. वडिलांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं, दादासोंचं लष्कराच्या ट्रकवर. पेन्शन घेऊन परत आले आणि शाळेने गाड्या त्यांच्या ताब्यात दिल्या. प्रत्येक ड्रायव्हर त्यांनी स्वतः पारखून आणलेला. माणूस उंच, मिशी पांढरी, कपड्याला कडक इस्त्री. सगळ्या वडूजमध्ये अश्लेषाला मनापासून आवडणारी गोष्ट कोणती असेल तर ती म्हणजे यांची रोज सकाळची तऱ्हा. गाड्या गावोगाव मुलं आणायला निघायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरने त्यांच्यासमोर उभं राहायचं. ते त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावायचे, कॉलर सारखी करायचे आणि तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायचे, "राती काय खाल्लंस?"

"भाकरी न् आमटी."

"जा."

पुढचा. "राती काय खाल्लंस?"

इतक्या मायेने आईसुद्धा रोज विचारत नाही, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. यंत्राची पाळी त्यानंतर यायची.

त्या सकाळीही गाड्या तशाच निघून गेल्या. शेवटची औंध रस्त्याची, बाळासोची. गेल्या वर्षी याच गाडीने औंधकडच्या एका पुलाचा कठडा घासला होता. आरसा गेला, पत्रा फाटला, मुलांना खरचटलंही नाही. पण पालक शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, आणि तेव्हा संस्थेने नियम केला: रोज फुंकायचं, एकदा जरी लाल दिवा लागला तरी नोकरी गेली. बाळासोच्या शेजारच्या बाकावर मुलं सांभाळणाऱ्या राहीबाई पदराने नाक झाकून बसल्या होत्या. डिझेलचा धूर सोसत नसावा बाईंना, असं मनात येऊन अश्लेषाने यंत्र पिशवीत घातलं.

विट्याच्या गाडीत खिडकीशी बसून ती स्वतःवरच चरफडत राहिली. पहिला सेल श्रावणात मेला होता. तेव्हा कारण सापडायला तिला फार वेळ लागला नव्हता. करोनापासून दादासोंना मिठाच्या पाण्याची सवय लागलेली. घसा त्यानेच धुवायचा, भांडी त्यानेच. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात जायला नको म्हणून ते यंत्राच्या नळ्याही कोमट मिठाच्या पाण्यात बुचकळून, झटकून, तशाच ओल्या लावत. हेतू किती चांगला! पण पाण्याचे थेंब आत ओढले जात, आणि मिठातलं क्लोराइड जाऊन प्लॅटिनमला चिकटे.

क्लोराइड म्हणजे तिचा जुना वैरी. द्रावणात विरघळलेले आयन धातूवरच्या मद्यार्काच्या ऑक्सिडीकरणाला कशी मदत करतात आणि कसा अडथळा आणतात, यावरच तिचा प्रबंध होता. लिथियम असेल तर एक तऱ्हा, पोटॅशियम असेल तर दुसरी. पण क्लोराइडसारखा दुष्ट कोणी नाही. चिमूटभर पुरतं.

हे सगळं तिने तेव्हा चिंचेखाली ड्रायव्हरांना गोळा करून समजावलं होतं. काय उत्साह होता! बसच्या पत्र्यावर खडूने चकती काढली, टिंबं काढली.

"एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? तसं हे मीठ करतं. प्लॅटिनमवरच्या सगळ्या जागांवर रुमाल टाकून बसतं. मग दारू आत येते, बघते तर बसायला जागाच नाही. यंत्राला वाटतं, दारू आलीच नाही. हिरवा दिवा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. असा वर्ग तिला कॉलेजातही मिळाला नव्हता. दादासोंनी तर हात जोडले. "चुकलं म्याडम. आता मिठाचं नाव न्हाई." तिने नवा सेल बसवला, कोऱ्या नळ्यांचा पुडा दिला, आणि आता दिवाळी होते न होते तोच हे पुन्हा. काय पाप केलं होतं तिने? बोअरचं पाणी खारं म्हणावं तर नळ्या धुवायच्याच नव्हत्या. माणदेशातली खारी धूळ म्हणावी तर शाळा खटाव तालुक्यात होती. तंबाखू-चुन्याचा संशय घेऊन तिने सर्वांना आधी चूळ भरायला लावली होती. विट्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिने चहा मागवला, एक घोट घेतला आणि तोंडातल्या ब्रँडीच्या चवीने तो तसाच ठेवून दिला.

सांगलीत विनोदिनीबाई प्रयोगशाळेत तिची वाट बघत होत्या. बाई तिच्या मार्गदर्शक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बिनसाखरेचा चहा त्यांना इथलाच लागायचा. अश्लेषाने यंत्र उघडलं, चकती काढून परीक्षेला लावली आणि दोघी पडद्यावर उमटणारी रेघ बघत बसल्या. मद्यार्काचं ऑक्सिडीकरण होतं तिथे रेघेने डोंगरासारखं वर चढायला हवं. ती सपाट पुढे निघून गेली.

"क्लोराइड," बाई म्हणाल्या.

"नसेल. दुसरं काही असेल."

"बघ की मग."

अश्लेषाने यंत्राची नळी धुतलेलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी नासलेल्या दुधासारखं पांढरं फटक झालं. मागच्या वेळी नुसतं धुरकट झालं होतं. या वेळी तळाला चोथा बसला.

"एवढं?" ती म्हणाली. "एवढं कुठून येईल? हवेतून येत नाही, थुंकीतून येत नाही..."

"कुणीतरी घातल्याशिवाय येत नाही." बाईंनी कप खाली ठेवला. "मिठाने काय होतं हे तिथे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. मीच तर सांगितलं."

"सगळं?"

"चित्र काढून."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आवरेना. "अगं, तुझा प्रबंध परीक्षकांनीसुद्धा अर्धाच वाचला होता. खरा वाचला असेल तर त्या लोकांनी."

अश्लेषाला हसू आलं नाही. रागाने तिचे कान तापले. चिंचेखाली डोलणाऱ्या त्या माना तिच्या डोळ्यांपुढे आल्या. हात जोडणारे दादासो आले. यंत्र त्यांच्याच कपाटात असायचं, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या कमरेला. म्हणजे तिने राब राब राबून यंत्र घडवायचं, आणि आंधळं कसं करायचं हेही तिनेच शिकवायचं! आणि ज्यांना शिकवलं त्यांनी गाडीत शाळेची मुलं घालून फिरायचं.

"विश्वजितला सांगते," ती म्हणाली. "सोमवारी कशाला, उद्याच."

"सांग. पण सेल आधी बसव." बाईंनी कपाटातून प्लॅटिनमची उरलेली बाटली काढून तिच्यापुढे सरकवली. "तुझं यंत्र चालतं हे आधी दिसू दे. मग भांड."

शनिवारी ती कुणाला न कळवता वडूजला पोचली. आदल्या संध्याकाळी येऊन स्टँडजवळच्या लॉजवर राहिली होती आणि डासांनी व रागाने तिला झोप लागू दिली नव्हती. शाळेचं मैदान अजून गारठलेलं होतं. ड्रायव्हर रांगेत उभे, दादासो त्यांच्यापुढे. विश्वजित अजून यायचा होता.

"आलात म्याडम?" दादासो म्हणाले. "थोडं थांबा. आधी आमचं हुंद्या."

या वेळी ती टेबलाशी गेली नाही. यंत्र हातात घट्ट धरून दादासोंच्या शेजारीच उभी राहिली. बघूच दे कोण कोण डोळे चुकवतं.

"राती काय खाल्लंस?"

"चपाती, वांगं."

"जा."

एकेक जण पुढे येत होता, बटण लागत होतं. आणि अगदी जवळून बघताना अश्लेषाच्या ध्यानात आलं की प्रश्न विचारून झाल्यावर दादासो क्षणभर श्वास आत ओढतात. दरवेळी. उत्तराकडे त्यांचं लक्षच नसतं. चपाती असो नाहीतर भाकरी, त्यांना समोरच्याचं तोंड उघडून हवं असतं. ही माया नव्हती, तपासणी होती. लष्करातली असावी. इतके दिवस तिने भोळेपणाने आई-बिई काय काय म्हणून ठेवलं होतं, याचाही तिला राग आला.

शेवटी बाळासो आला. धिप्पाड माणूस, डोळे सुजलेले. दादासोंनी त्याची कॉलर सारखी केली.

"राती काय खाल्लंस?"

"पिठलं-भाकरी, दादा."

अश्लेषा दोन हात लांब उभी होती. तिथवर तो दर्प आला. देशी दारूचा, आंबूस, रात्रभर मुरलेला.  पलीकडे राहीबाई पदर नाकाला लावून गाडीत चढत होत्या, आणि गाडी तर अजून सुरूही झाली नव्हती.

दादासोंनी श्वास ओढला. बाळासोच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"जा," ते म्हणाले.

अश्लेषाचा संताप अनावर झाला. बाळासो गाडीकडे वळताच तिने दादासोंना चिंचेच्या पलीकडे बोलावलं.

"मशीनमध्ये मीठ तुम्ही घातलंत."

दादासोंनी आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय."

"हात जोडले होतेत माझ्यापुढे!"

"पयल्यांदा चुकून पडलं, म्याडम. दुसऱ्यांदा तुमी सांगितलं हुतं म्हून घातलं."

"मी सांगितलं होतं?" तिचा आवाज चिरकला. "दादासो, रोज तुम्ही प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेता. मला आज कळलं. मग मशीन आंधळं करून तुम्हाला काय मिळालं? त्या बाळासोचा वास मला इथवर आला. तुम्ही त्याच्या तोंडाला तोंड लावून उभे होतात आणि त्याला जा म्हणालात. त्या गाडीत मुलं बसणार आहेत. वास आला नाही असं तरी म्हणू नका."

"न्हाई आला."

एवढा निर्लज्जपणा तिला सहन झाला नाही. तिने पिशवीतून ब्रँडीची बाटली काढली, झाकण फिरवून उघडली आणि त्यांच्या नाकाखाली धरली.

"आणि हा? हाही नाही?"

दादासोंनी डोळे मिटले. मन लावून, छाती भरून श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मग डोळे उघडून त्यांनी बाटलीकडे पाहिलं. बाटलीवरचं लेबल तिच्या मुठीत झाकलं गेलं होतं.

"काय हाय म्याडम ह्यात?" त्यांनी विचारलं.

अश्लेषाचा हात तसाच राहिला. मग तिने झाकण लावलं. एकदा नीट बसलं नाही, पुन्हा लावलं.

"कधीपासून?"

"करोनात वास गेला. समद्यांचा परत आला, माझा आलाच न्हाई. च्याचा न्हाई, डिझेलचा न्हाई. घरात भाजी करपली तर मंडळी वरडत्यात, मी तिथंच बसल्याला असतो." ते हळू बोलत होते, नजर गाड्यांकडे. "मिठाच्या गुळण्या करा म्हनले, येईल. लय केल्या."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? ह्या नाकावर तर ठेवलंया मला." दादासोंनी मिशीवरून हात फिरवला. "आदी कसं हुतं, वास आला की त्याला गुमान घरी धाडायचो. तुला ताप आलाय, जा. त्याची गाडी मी न्यायची. दुसऱ्या दिशी मान खाली घालून यायचा, मग म्हैना-दोन म्हैनं शिवायचा न्हाई. कुणाची नोकरी गेली न्हाई का पोरांना काय झालं न्हाई. तुमच्या मशीनला ताप कळत न्हाई, म्याडम. त्ये एकदा लाल झालं की मानूस गेला. म्हून म्हनलं, मशीन नगं. मी डोळं बघून वळखीन."

"ओळखता येतं?"

दादासोंनी बाळासोच्या गाडीकडे पाहिलं.

"न्हाई येत," ते म्हणाले.

विश्वजितचं ते वाक्य आता अश्लेषाला ऐकू आलं. करोनानंतर एकालाही ताप नाही. पोरं सुधारलीत.  पुलाचा कठडा, फाटलेला पत्रा, आणि इतक्या वर्षांतल्या इतक्या सकाळी. रोज या मैदानातून गाड्या निघत होत्या आणि त्यांच्यापुढे उभा राहून श्वास ओढणाऱ्या माणसाला काहीही कळत नव्हतं. तिचं यंत्र आलं, तेही आंधळं झालं.

मैदानाच्या टोकाला बाळासोच्या गाडीचं इंजिन सुरू झालं.

तिच्या हातात मोबाईल होता. विश्वजितचा नंबर वरच होता. एक फोन, की तिचं यंत्र खरं ठरणार होतं, सोमवारच्या मीटिंगमध्ये टाळ्या पडणार होत्या, पुढच्या शाळा येणार होत्या. बाळासो घरी जाणार होता आणि त्याच्या मागोमाग दादासोही. तिला याचं वाईट वाटायला नको होतं. या माणसाने तिला फसवलं होतं, तिची मेहनत मिठात घातली होती. तिने मोबाईलकडे पाहिलं, दादासोंच्या कडक इस्त्रीच्या बाहीकडे पाहिलं, आणि आपल्याला कुणाचा राग आलाय हेच तिला कळेना.

मग तिने मोबाईल पिशवीत टाकला. यंत्राला कोरडी नळी लावली, पाठीमागचं छोटं बटण अंगठ्याने दाबून धरलं.

"चला," ती म्हणाली.

दादासो पुढे झाले आणि गाडीच्या बॉनेटवर त्यांनी थाप मारली. बाळासोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"खाली उतर."

"का वं, दादा?"

"उतर म्हनलं न्हवं."

बाळासो उतरला. अश्लेषाने यंत्र त्याच्या तोंडापुढे धरलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, दादासोंकडे पाहिलं, आणि उगाच हसला. हे यंत्र सगळ्यांना शून्य देतं हे त्यालाही माहीत होतं. त्याने फुंकलं.

यंत्र किंचाळलं. लाल दिवा लागला, आकडा भराभर वर चढत गेला. रांगेतले इतर ड्रायव्हर आपापल्या गाड्यांपाशी थबकले. अश्लेषाच्या मनात इतके महिने जपून ठेवलेला हा क्षण होता आणि आता तो आला तेव्हा तिला फक्त बाळासोचे ओठ कापताना दिसत होते.

"दादा," तो म्हणाला. "दादा, घरात बारकी..."

दादासो त्या लाल दिव्याकडे बघत होते. खूप वेळ बघत होते. मग त्यांनी हात वर केला. बाळासोने मान मागे घेतली, मार बसणार अशी. दादासोंनी तळवा त्याच्या कपाळावर ठेवला.

"ताप हाय तुला," ते म्हणाले. "घरी जा. किल्ली दे."

बाळासोने किल्ली दिली आणि तो खाली मान घालून फाटकाकडे चालू लागला.  अश्लेषाचा अंगठा अजून बटणावरच होता, दुखायला लागला होता.

दादासो पायरीवर चढले, थांबले, खाली उतरले.

"म्याडम. आता माझं."

तिने नळी बदलली. या वेळी पाठीमागचं बटण दाबलं नाही. दादासोंनी छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं. टुक्. हिरवा दिवा, शून्य. खरंखुरं शून्य.

"रोज असंच करायचं?" त्यांनी विचारलं. "त्ये मागचं बटन दाबून? आदी?"

"रोज मी इथे कुठे असणार?" ती त्रासिकपणे म्हणाली. मग यंत्र उलटं करून तिने ते आकडा अडवणारं बटण त्यांना दाखवलं. "हे. आणि मिठाचा खडा जरी दिसला ना दादासो, तर मी स्वतः संस्थेत जाऊन सगळं सांगेन."

दादासोंनी बटणावरून अंगठा फिरवून बघितला. मान हलवली. ते गाडीत चढले. राहीबाईंनी पदर नाकावरून काढून खांद्यावर घेतला आणि खिडकीची काच सरकवली. गाडी मैदानाला वळसा घालून औंध रस्त्याला लागली.

अश्लेषा चिंचेखालच्या कट्ट्यावर बसली.  सोमवारी काय सांगायचं, किती सांगायचं, याचा विचार करायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. एवढ्या वर्षांत यंत्र पहिल्यांदाच इथे बरोबर चाललं होतं आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. तेवढ्यात पिशवीत मोबाईल वाजला.

"मॅडम, तुम्ही शाळेत आहात?" विश्वजित होता. "दादासोंचं रीडिंग आलंय मला. औंधची गाडी ते घेऊन गेले का? बाळासो कुठाय?"

फाटकापाशी धूळ अजून बसली नव्हती.

"त्याला ताप आलाय," अश्लेषा म्हणाली.